दहा मिनिटांचं मौन

शोकसभेत दोन मिनिटं गप्प उभं राहायचं असतं, ते मला जमत नाही. मिनिट-सव्वा मिनिट झालं की मला खोकला येतो. खोकला खोटा असतो. आमच्या ऑफिसात आता पद्धतच पडून गेली आहे, कुणी गेलं आणि श्रद्धांजली ठेवली की मला चहाचं बघायला बाहेर पाठवतात. लोकांना वाटतं, मी हळवा आहे. हळवा वगैरे काही नाही. डोळे मिटून उभी असलेली माणसं मला बघवत नाहीत, एवढंच. कुणीतरी ‘आता पुरे’ म्हणेल या भरवशावर ती उभी असतात, आणि तो कुणीतरी कसल्या लायकीचा असू शकतो हे मला आतून माहीत आहे.

नगरला कॉलेजात होतो तेव्हा मीच तो होतो.

केडगावहून सायकलवर यायचो. कॉलेजच्या आवारात एक जुनी दगडी खोली होती, आधी तिथं मोडकी बाकं ठेवायचे. ती रिकामी करून आमच्या पाळकसरांनी दर गुरुवारी संध्याकाळी सहाला एक उपासना सुरू केली होती. पाळकसर म्हणजे कॉलेजचे पाळक, ख्रिस्ती धर्मगुरू. उंच, काटकुळे, नेहमी घसा बसलेला. त्यांच्या उपासनेत उपदेश नाही, पेटी नाही, ढोलकी नाही. मधोमध जमिनीवर मेणबत्ती, भोवती सतरंजीवर वीस-पंचवीस पोरंपोरी. दोन ओळींचं एक गीत, तेच तेच, हळू आवाजात, पुन्हा पुन्हा. मग शास्त्रातलं एक वचन तीन वेळा वाचायचं. आणि मग दहा मिनिटं मौन.

आमच्या केडगावच्या मंडळीत, म्हणजे चर्चात, प्रार्थना म्हणजे आवाज. शेजारच्या गल्लीत ऐकू गेली नाही तर ती देवापर्यंत काय जाणार, असा हिशोब. मी घरी या गुरुवारचं सांगितलं तेव्हा आईनं पोळी तव्यावर तशीच ठेवून विचारलं, “गप्प बसतात? मग प्रभूला कळतं कसं?”

“त्याला सगळं कळतं, आई.”

“तुझं कळत असेल तर अवघड आहे,” ती म्हणाली.

खरं सांगायचं तर मी तिथं चहासाठी जायचो. उपासनेनंतर पाळकसरांच्या घरून किटली यायची आणि बरोबर खारी. होस्टेलची हिंदू, बौद्ध पोरंही यायची, त्यातली एक-दोन माझ्यासारखीच खारीची भक्त. पण बाकीच्यांना तिथं खरंच काहीतरी मिळायचं. त्यांचे चेहरे बघून कळायचं. मी बघायचो, कारण मला डोळे मिटून बसताच यायचं नाही. पाय अवघडायचे, नाकाला खाज यायची. एकदा मी शेजारच्याच्या शर्टावरच्या रेघा मोजल्या.

हे पाळकसरांच्या लक्षात आलं. रागावले नाहीत. त्यांनी मला घंटी दिली. साहेबाच्या टेबलावर असते ना, वरून दाबली की ‘टिंग’ करणारी, शिपाई बोलवायची, तसली. मौन सुरू होताना एकदा आणि संपताना एकदा दाबायची. “तुला नुसतं बसवत नाही, तर काम कर,” ते म्हणाले.

नियम साधे होते. दारात टोपली असायची, आत शिरताना सगळ्यांनी मोबाईल आणि घड्याळं काढून त्यात टाकायची. हातात घड्याळ फक्त घंटीवाल्याच्या. आणि घंटी होईपर्यंत कुणी उठायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत. कारण वेळेची काळजी एकानं केली की बाकीच्यांना ती करावी लागत नाही, असं पाळकसर म्हणायचे. आमच्यात हा नियम असा काही मुरला होता की एकदा एकाच्या खांद्यावर पाल पडली, तरी तो हलला नाही. पाल मात्र घाबरून गेली.

माझ्या चुकांची यादी मोठी आहे, त्यातल्या दोनच सांगतो. पहिल्याच गुरुवारी टोपलीत टाकलेला माझा मोबाईल बंद करायला मी विसरलो, आणि माझी रिंगटोन म्हणजे म्हशीचं हंबरणं होती. आणि दुसरी, मला दहा मिनिटं धीर धरवत नसे. सात झाली की बोट घंटीवर, आठव्याला टिंग.

एमएस्सीची एक ताई होती, ती आमची पुढारी. तिनं एकदा चहाच्या वेळी सगळ्यांदेखत विचारलं, “काय रे, तुझ्या घड्याळाला खारीचा वास येतो का? प्रभू बोलायला तोंड उघडतो आणि तू टिंग करतोस.”

सगळे हसले. मीही हसलो. पण मनात ठरवलं, एक दिवस हिला असलं मौन देईन की बस्स.

तो दिवस पुढच्याच गुरुवारी आला.

माझा एक वर्गमित्र होता, राजूरच्या पलीकडच्या डोंगरातल्या वाडीचा. मौनात दगडासारखा बसणारा. त्याचा बाप प्यायचा आणि त्याच्या आईवर हात टाकायचा. बारावीच्या सुट्टीत यानं बापाचा हात धरला, पिरगाळला, आणि “तू हायेस तोवर या घरात पाय ठेवायचा न्हाई” असं सांगून निघून आला. दोन वर्षं गेला नव्हता. आई बाजारच्या दिवशी राजूरला येऊन कुणाच्या तरी फोनवरून बोलायची, तेवढंच.

त्या गुरुवारी तो मला खोलीच्या पायरीवर भेटला. चेहरा उतरलेला.

“चुलत्याचा फोन आला होता,” तो म्हणाला. “म्हातारा आज-उद्यावर आलाय. माझं नाव घेतोय म्हणे.”

“मग जा ना.”

“जावं का न जावं तेच कळंना. डोळ्यासमोर आईचा चेहरा येतो आणि वाटतं, मरू दे.” त्यानं मोबाईल आणि घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. “आत बसतो. दहा मिनिटांत मन झालं तर पावणेसातची गाडी गाठतो. थेट राजूर, पुढं आमचा फाटा. ती गेली की मग सकाळशिवाय काही नाही. तू फक्त घंटी टायमाला दे, लेका. लवकर नको, उशीर नको.”

“दिली,” मी म्हणालो.

सव्वासहाला मी घंटी दाबली. सगळ्यांनी डोळे मिटले. ताईच्या टोमण्याला चोख उत्तर द्यायचं म्हणून मीही भिंतीला टेकून ताठ बसलो, आणि आदल्या रात्री प्रॅक्टिकलची जर्नल पुरी करत जागलो होतो, त्यामुळं आयुष्यात पहिल्यांदा, मौनात माझे डोळे मिटले.

जागा झालो तेव्हा मेणबत्ती बरीच खाली आली होती. माझ्या हनुवटीवर लाळ होती. घड्याळ पाहिलं. सहा अठ्ठावीस.

फक्त तीन मिनिटं उशीर. खोलीपासून तारकपूर स्टँड रिक्षानं दहा मिनिटांवर. घंटी माझ्या गुडघ्यापाशी. बोट उचलून खाली आणायचं, एवढंच काम होतं.

मी ते केलं नाही.

आता इथं मी काहीतरी बरं कारण लिहावं, असं फार वाटतंय. बारा-पंधरा वर्षं मी कारणं तयार करतोय, एव्हाना चांगला साठा झालाय. पण खरं ते असं की मी समोर पाहिलं आणि एकही जण हलला नव्हता. कुणालाच कळलं नव्हतं. ताईच्या कपाळावरची आठी गेली होती. पाळकसरांचं तोंड जरा उघडं होतं, लहान मुलासारखं. मी लाळ पुसली आणि वाटलं, आणखी थोडं चालू दे. म्हणजे झोपलो होतो हे उघडं पडणार नाही, आणि ताईलाही कळेल.

सहा पस्तीस झाले. मित्र माझ्या समोरच होता. त्याच्या बंद डोळ्यांतून पाणी येत होतं. गाडीची मला आठवण होती. होती. मी स्वतःला सांगितलं, याचं काहीतरी चाललंय आत, मोडू नये. इतकी पवित्र सबब मला तोवर कधी सुचली नव्हती.

पावणेसात झाले आणि मला सैल वाटलं, कारण आता घाई करून उपयोग नव्हता. त्यानंतरची पंधरा मिनिटं मी पंचवीस माणसांचे चेहरे बघत बसलो. बाहेर पोरं व्हॉलीबॉल खेळून परतली, त्यांचे आवाज आले नि गेले. खोलीत अंधारून आलं. आत कुणाचा श्वासही मोठा होईना. मी बोट हलवेपर्यंत यातलं कुणी डोळे उघडणार नव्हतं. आणि मला ते आवडत होतं. हे लिहायला मला जड जातंय, पण मला ते फार आवडत होतं.

सातला मी घंटी दाबली.

मग ताई माझ्याकडं आली. तिचे डोळे लाल होते. माझे दोन्ही हात धरून ती म्हणाली, “आज तू नाही वाजवलीस. आज प्रभूनं तुला वाजवू दिली नाही.”

मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.

मित्रानं टोपलीतून मोबाईल काढला. त्यात नऊ मिस्ड कॉल होते. त्यानं घड्याळ पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी मेणबत्ती विझवायला वाकलो. “जातो मी,” तो म्हणाला, “काहीतरी मिळंल,” आणि गेला. संगमनेरपर्यंत त्याला गाडी मिळाली, पुढं नाही. पहाटे दुधाच्या टेम्पोतून तो निघाला. साडेआठला वाडीत पोचला तेव्हा बाप जाऊन तीन तास झाले होते.

महिन्यानं तो परत आला आणि गुरुवारच्या उपासनेत त्यानं साक्ष दिली. साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते उभं राहून सांगणं. तो म्हणाला, त्या दिवशी मौन लांबलं नसतं तर मी बापाच्या प्रेतालाही शिवलो नसतो. देवानं वेळ थांबवला आणि मला तिथंच बसवून क्षमा करायला शिकवलं. पोरी रडल्या. पोरंही रडली. मी खारीच्या पुड्याची सुतळी सोडत होतो, ती सुटेना.

त्यानंतर माझा भाव भलताच वाढला. दुसऱ्या कॉलेजची पोरं आमचं मौन बघायला आली. घंटी याच्याच हातात राहू द्या, असं ठरलं. मी पुढच्या आठवड्यापासून दहाव्या मिनिटाला, काट्यावर काटा, टिंग करत गेलो आणि लोक जरा नाराज होत गेले.

मित्र पुढं राजूरकडच्या एका आश्रमशाळेत मास्तर झाला, रविवारी मंडळीत बोलायलाही लागला. साक्ष द्यायचा तेव्हा ‘आमचा घंटीवाला’ म्हणून माझा उल्लेख असायचा. मला मात्र घरात लाईट गेली आणि पंखा थांबला की तो चेहरा दिसायचा, मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येणारा. लग्नानंतर बायकोनं एकदा विचारलं, “लाईट गेली की तू गाणी का म्हणतोस?” मी म्हटलं, सवय.

काही वर्षांनी तो शिक्षकांच्या प्रशिक्षणाला नगरला आला आणि माझ्याकडं उतरला. संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसलो होतो. त्यानं पुन्हा तो विषय काढला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

“एक सांगू? देवानं वगैरे काही नाही. मला झोप लागली होती.”

तो माझ्याकडं वळला. मग हसला. “खरं?”

“लाळ गळत होती.”

“हात् तुझ्या! आन् आमी डोळं मिटून हैराण!” इतका हसला की ठसका लागला. मलाही हलकं वाटायला लागलं. मग तो थांबला. कपातल्या चहाकडं बघत म्हणाला, “तुला खरं सांगतो, मन तर माझं लगेच झालं होतं. पहिल्या पाच मिनिटांत. जायचंच, असं. मी घंटीची वाट बघत होतो. ती होईना. वाटलं, देव म्हणतोय, थांब, अजून आहे. मग थांबलो.” त्यानं कप खाली ठेवला. “तुला जाग किती वाजता आली?”

आवाजात संशय नव्हता. आकडेमोड होती. पावणेसात त्याच्या डोळ्यांत दिसत होते.

“सातला,” मी म्हणालो. “बाहेर कुणाचं तरी भांडं पडलं, तेव्हा.”

त्यानं श्वास सोडला. “मग गाडी गेलीच होती.”

“गेलीच होती.”

“म्हंजे त्यानंच झोपवलं तुला,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडं बघितलं. माझी झोपही साक्षीत जमा झाली. झोपच तेवढी, असं म्हणायला हवं. जाग माझ्यापाशीच राहिली.

गेल्या वर्षी त्याचा फोन आला. बापाच्या स्मरणार्थ तो दरवर्षी घरी उपकारस्तुतीची उपासना ठेवतो. “या वेळी तू ये. झोपेचं तुझ्या तोंडून सांग. लोकं लई हसतील. आईनंबी तुला बघितलं न्हाई कधी.”

मी सबबी सांगितल्या. त्यानं एकेक खोडून काढली. गेलो.

वाडीत पन्नासेक माणसं होती. अंगणात मांडव, एका कडेला चुलाणावर भात आणि मटणाचा रस्सा. “सलाम, सलाम” करत लोक हात हातात घेत होते. मला उभं केलं. मी लाळेचं सांगितलं, म्हशीच्या रिंगटोनचं सांगितलं, घोरण्याची नक्कल करून दाखवली. लोक पोट धरून हसले. शेवटी “सातला जाग आली बघा” म्हणालो आणि सगळे एकदम म्हणाले, आमेन.

जेवणाच्या आधी त्याच्या आईनं मला आत बोलावलं. बारकी, वाळलेली बाई, एका डोळ्यात फूल पडलेलं. मला पाटावर बसवलं आणि स्वतः उंबऱ्यापाशी बसली.

“तू लाजू नको, बाबा,” ती म्हणाली. “झोप काय कुनाच्या हातात असती व्हय? माजा लेक सांगतो त्ये खरं आसंल. पन त्या रातीचं मीच बघितलंय. त्याच्या बापानं खाट दाराकडं फिरवून घेतली हुती. मला म्हनला, यील त्यो. म्या म्हनलं, न्हाई यायचा, तुमी काय कमी केलंय का. तर म्हनला, म्हनूनच यील. धाची नगरची गाडी आली खाली फाट्यावर, हारन वाजला, तवा उठून बसला. आपलाआपला. चार दीस मान उचलली नव्हती त्यानं. लई येळ बसला. मग इचारलं, आला का? म्या म्हनलं, न्हाई. मग भिताडाकडं तोंड करून निजला, त्ये काय बोलला न्हाई परत.”

बाहेर पंगत बसत होती. मित्राचा आवाज येत होता, पत्रावळी मोजत होता.

“पन झोप ती झोप,” ती म्हणाली. “तुजा काय दोस?”

“आई,” मी म्हणालो, “मला जाग आली होती.”

तिनं मान वर केली.

“गाडी असताना आली होती. ऑटो करून गेला असता तर मिळाली असती. मी घंटी वाजवली नाही.”

“का?”

मी तोंड उघडलं. कारणांच्या साठ्यातलं एकही बाहेर येईना. “मजा वाटली,” एवढंच आलं.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. तिनं डोळे मिटले नव्हते. चांगला डोळा माझ्यावर होता. बाहेरून कुणीतरी मीठ मागितलं. तिनं हात लांब करून मिठाचा डबा बाहेर सरकवला आणि पुन्हा तशीच बसली.

“त्याला सांगितलंस?”

“नाही.”

“सांगू नको. त्याचं त्या साक्षीवरच चाललंय.” गुडघ्यावर हात टेकून ती उठली. पदर सारखा केला. “जा. पंगत बसली. जेवल्याबगर जाऊ नको.” मी उंबऱ्याशी पोचल्यावर, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, पाठीमागून म्हणाली, “आन् परत यिऊ नको.”

मी जाऊन पंगतीत बसलो. मित्रानं माझ्या पत्रावळीत दोन फोडी जास्त टाकल्या आणि शेजारच्याला म्हणाला, “याला वाढा पोटभर, पन लई न्हाई, न्हायतर हितंच निजंल.” सगळी पंगत हसली. मी भात कालवला आणि सगळा खाल्ला. त्याची आईही वाढायला आली होती. माझ्यासमोर आली तेव्हा वाकून पत्रावळीकडं पाहिलं, रस्सा संपला होता, तो वाढला, आणि पुढं गेली.

यंदाही त्याचा फोन येऊन गेला. ये म्हणाला, लोक तुझी आठवण काढतात. मी म्हटलं, ऑडिट आहे. आई कशी आहे, असं विचारलं. बरी आहे, म्हणाला, पण हल्ली साक्ष सुरू झाली की उठून आत जाते, चुलीपाशी बसते. वय झालंय, फार वेळ बसवत नाही तिला.